गण्याची पत्रिका

दसरा उलटला, पाऊस आता खरंच गेला अशी उन्हाने ग्वाही दिली, की मी गच्चीवर दोन चटया टाकते. एकीवर गोधड्या आणि लोकरीच्या शाली, आणि दुसरीवर चार जाडजूड फायली, पोटं उघडी करून, पानं उडू नयेत म्हणून वर वरवंटा, खलबत्त्यातला बत्ता, नदीतले दोन गुळगुळीत गोटे अशी हाताला येतील ती वजनं ठेवून. शेजारच्या वहिनींना वाटतं, ह्यांच्या मागे राहिलेले घरा-जमिनीचे कागद असतील, आणि त्या आवाज खाली आणून विचारतात, "सापडलं का हो सगळं नीट?" मी हो म्हणते. एका चोराची, एका पुजारणीची, दोन लढवय्यांची आणि एका विसरभोळ्या मांत्रिकाची पत्रिका उन्हात घातली आहे, हे त्यांना कुठल्या तोंडाने सांगू? तुम्हाला सांगते. तुम्ही हसाल, पण हसता हसता ऐकूनही घ्याल.

या फायलींना एक वास आहे. सगळ्यात वर डांबराच्या गोळ्यांचा, तो माझा. त्याच्याखाली जुन्या झेरॉक्सचा किंचित करपल्यासारखा, त्याच्याखाली शिसपेन्सिलीचा आणि खोडरबराचा, आणि अगदी तळाशी, नाक पानाला टेकवलं तरच येणारा, तळघरातल्या ओलसर गालिच्याचा आणि तळलेल्या बेसनाचा. कागद अमेरिकन मापाचे आहेत, साडेआठ बाय अकरा इंच, म्हणजे आपल्या ए-फोरपेक्षा रुंदीला चिमूटभर जास्त आणि उंचीला बोटभर कमी. कडेला भोकं तीन, आणि आपल्याकडच्या फायलींना ती दोन. मूळच्या फायलींच्या कड्या गंजल्या तेव्हा मी अप्पा बळवंत चौकात दुकानामागून दुकान पालथं घातलं. एक दुकानदार शेवटी वैतागून म्हणाला, "मावशी, कागदच कापून घ्या ना." मी त्याच्याकडे असं पाहिलं असेल, की तो बिचारा मागे सरून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

१९८६ च्या डिसेंबरात लग्न करून मी मिलवॉकीला गेले. त्या गावाबद्दल मला तेव्हा एवढंच ठाऊक होतं की तिथे मोठं तळं आहे, आणि ते तळं पाहिल्यावर लक्षात आलं की त्याला तळं म्हणणं म्हणजे समुद्राला डबकं म्हणणं. हे यंत्रांचे आराखडे करायचे. दर दुसऱ्या शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातल्या चौघांबरोबर कुठेतरी जायचे आणि मध्यरात्र उलटल्यावर, डोळे तांबारलेले पण चेहरा खुललेला, असे परत यायचे. नव्या नवरीला काय काय वाटावं, ते सगळं मला वाटून झालं. चौथ्या की पाचव्या शुक्रवारी मी म्हटलं, मीही येते. डब्यात बटाटेवडे घेतले, साडीवर ह्यांचाच जाड कोट चढवला, आणि एका लाकडी घराच्या तळघरात उतरले. पायऱ्यांशी बर्फाचं पाणी गळणारे बूट ओळीने मांडलेले, कोपऱ्यात घर तापवणारी भट्टी घुरघुरत होती, आणि जेवणाच्या टेबलाएवढ्या फळीभोवती दाढीमिश्या असलेले मोठे पुरुष खोडरबरांनी कागद घासत बसले होते. परीक्षेच्या हॉलमध्ये आल्यासारखं वाटलं मला. खेळ चालवणारा त्यांच्यातला वडीलधारा. इंग्रजीत त्याला 'डंजन मास्टर' म्हणायचे. मी पहिल्याच दिवशी त्याचा 'मास्तर' केला, आणि तो शब्द पुढची नऊ वर्षं त्या सगळ्यांनी आपल्या जिभा वळवून वापरला.

खेळ म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. सोंगट्या नाहीत, पट नाही. मास्तर सांगणार तुमच्यासमोर काय आहे, आणि तुम्ही सांगणार की तुम्ही, म्हणजे तुम्ही घेतलेलं सोंग, काय करतं. हे सोंग लिहून ठेवायचा जो कागद, तो कॅरेक्टर शीट. मास्तरांनी माझ्यासमोर तसला कोरा कागद सरकवला तो छापील, हळदी-पिवळ्या रंगाचा, चौकोनाचौकोनांचा. खेळ काढणाऱ्या टीएसआर कंपनीने १९७९ साली काढलेल्या गठ्ठ्यांतला. मग सहासहा पैलूंचे चार फासे हातात दिले, चार टाकून सगळ्यात कमी आला तो सोडायचा आणि तिघांची बेरीज मांडायची, अशा सहा बेरजा: ताकद, बुद्धी, शहाणपण, चपळाई, काटकपणा आणि लोकांवर पडणारी छाप. तीनाच्या खाली नाही, अठराच्या वर नाही. जन्माच्या वेळी नशिबाने जे पदरात टाकलं ते असं चौकोनात लिहून ठेवायचं, आणि मग जन्मभर त्याच्याशी मेळ घालत जगायचं. मी ह्यांना मराठीत म्हटलं, "अहो, ही तर पत्रिका!" हे इतके हसले की वड्याचा तुकडा घशात अडकला. तेव्हापासून आमच्या घरात तो शब्द पक्का झाला. 'बुद्धी' आणि 'शहाणपण' यांना तिथे दोन वेगळे चौकोन आहेत, हे मला फार आवडलं. आमच्या आजीला हा खेळ चटकन कळला असता.

लिहिण्याचे तिथे कडक रिवाज होते. सगळं पेन्सिलीने, पेन फक्त नावासाठी, आणि तेही लगेच नाही. पहिल्या पायरीवरची सोंगं पटापट मरत, एखाद्या उंदराच्या चाव्यानेही, म्हणून दुसरी पायरी गाठेपर्यंत नावसुद्धा पेन्सिलीनेच राहायचं. चोराला त्यासाठी १,२५१ गुण लागत, पुजारणीला १,५०१, लढवय्याला २,००१. गुण भरले की मास्तर खिशातलं निळं पेन काढून द्यायचे, आणि ज्याचं नाव त्याने आधीच्या पेन्सिलीवरून गिरवायचं, बाकीच्यांनी गप्प बसून पाहायचं. आपल्याकडे बारसं बाराव्या दिवशी का, हे मला तिथे त्या भट्टीच्या उबेत उमगलं असं वाटलं.

ह्यांच्या चोराचं नाव गण्या. चपळाई सतरा, शहाणपण आठ. "माझ्याहून एक जास्तच," असं हे म्हणायचे. अमेरिकनांच्या तोंडी त्याचा 'गॅन्या' झाला. मी पुजारीण घेतली आणि तिला जनी म्हटलं, दळणकांडण करता करता देवाला कामाला लावणाऱ्या त्या जनीवरून. पत्रिकेवर देवाचं नाव लिहायला जागा होती. या खेळाचं देवादिकांचं एक जाड पुस्तक निघालं होतं, १९८० चं. त्यात आपले इंद्र, विष्णू, यमसुद्धा होते, आणि काय सांगू, प्रत्येकापुढे त्याला किती घाव सोसतील तो आकडा! विठोबा मात्र नव्हता. मी चौकोनात 'विठोबा' लिहिलं तेव्हा मास्तरांनी गंभीरपणे विचारलं, हात किती? दोन म्हटलं. त्यांत शस्त्रं कोणती? म्हटलं, काही नाहीत, हात कमरेवर आहेत. मास्तर बराच वेळ दाढी कुरवाळत बसले आणि मग म्हणाले, म्हणजे फारच बलवान असला पाहिजे.

मास्तर स्वतः मिसरूड फुटत असल्यापासून खेळणारे. त्यांच्या सगळ्यात जुन्या पत्रिका छापील नव्हत्याच. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ काढला तेव्हा लाकडाची नक्षी छापलेल्या खोक्यात तीन चिमुकली तपकिरी पुस्तकं यायची, दहा डॉलरना; पहिल्या हजार प्रती लेक जिनिव्हा नावाच्या गावात घरच्या घरी भरल्या गेल्या होत्या. आपल्या सोंगाची माहिती ज्याने त्याने मिळेल त्या कागदावर लिहायची. मास्तरांनी ती शाळेच्या वहीतल्या पानांवर लिहिली होती. एका बाजूला प्रकाशाच्या वक्रीभवनाची आकृती आणि पाठीमागे एका मांत्रिकाचं सगळं आयुष्य, पाच ओळींत. मला ती पाच ओळींची पत्रिका आमच्या छापील चौकोनांहून जास्त आवडायची, पण तसं मी बोलले नाही, कारण चौकोन भरण्यात माझा हात कुणी धरला नसता.

त्याचं असं, की माहेरी मी वडिलांच्या दुकानाची वही लिहायचे. या मंडळींचा कारभार पाहिला आणि माझा जीव वरखाली झाला. चौघांनी मिळून लुटलेला खजिना, आणि कुणाकडे किती मोहरा आहेत ते कुणालाच ठाऊक नाही! त्या जुन्या नियमांत सोन्याच्या एका नाण्याला एक गुण मिळायचा, म्हणजे हिशोब चुकला की आयुष्याची वाढच चुकली. शिवाय वजन. दहा नाण्यांचा एक पौंड, आणि ओझं वाढलं की पाय मंदावणार. दोर पन्नास फूट, मशाली, लोखंडी खिळे, तेलाच्या बाटल्या, पाण्याची पिशवी, सगळ्याचं वजन मांडायचं. पुढच्या खेपेला मी लाल कापडी पाठीची लांबोडी वही घेऊन गेले, सासूबाईंनी सामानात कोंबलेल्या तिघींपैकी एक. वर 'श्री' काढला, डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. कुणी कुणाकडून वस्तू घेतली तर तिची नोंद 'उसना' म्हणून व्हायची, आणि परत मिळाली की ज्याची वस्तू त्याने स्वतःच्या हाताने पुढे 'पावले' असं लिहायचं. दुसऱ्या कुणी लिहिलं तर ते ग्राह्य नाही. दाढीवाल्या चौघांना मी तीन देवनागरी अक्षरं शिकवली ती अशी. अजून त्या वहीत चार प्रकारची 'पावले' आहेत, एकाचा काना खाली घसरलेला, एकाचं 'ले' उलट्या दिशेने निघालेलं. रात्री निघण्याआधी खातं बंद झाल्याशिवाय मी कोट घालत नसे.

नकाशाही माझ्याकडेच आला. चौकटीचौकटीचा ग्राफ पेपर, एक चौकट दहा फुटांची. मास्तर म्हणणार, तीस फूट सरळ, मग डावीकडे वळण, आणि आपण रांगोळीच्या ठिपक्यांसारखं मोजत जायचं. हे शेजारी बसून माझ्या पेन्सिलीला टोक करून देत. चाकूने करायचे, शार्पनर असूनही. सालं टेबलावर फुलासारखी पडायची, त्यात चिवड्यातले शेंगदाणे आणि रबराचा चुरा मिसळायचा, आणि कुणाचा तरी हात नेमका चुकीच्या ढिगात जायचा.

आता जे सांगायचं आहे त्याला जरा संकोच वाटतो. आमच्या वेळी नवऱ्याला अहो-जाहोच. नाव घ्यायचं ते उखाण्यात. हे मला 'तू' म्हणायचे, मी ह्यांना 'अहो', आणि त्यात कुणाला काही खुपत होतं असंही नाही. हवेसारखं होतं ते. टेबलाशी सगळं इंग्रजीत, आणि इंग्रजीत सगळ्यांना एकच माप. पण एका रात्री, पहिल्याच हिवाळ्यात, एका भुयारात गण्या हातात मशाल घेऊन पुढे निघाला आणि मास्तरांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की पुढची फरशी धड नाही. घाईत इंग्रजी सुचेना. मी ओरडले, "अरे थांब! गण्या, मागे हो!"

बाकीच्यांना काही समजलं नाही. ह्यांनी मात्र पत्रिकेवरून डोळे उचलून माझ्याकडे पाहिलं. परतताना गाडीच्या काचेवर बर्फ थापत होता, वायपर कण्हत होते, आणि मी बराच वेळ गप्प राहून म्हटलं, "ते मी नाही हं, जनी म्हणाली." हे पुढे रस्त्याकडेच बघत होते. म्हणाले, "जनीला सांग, गण्याला आवडलं."

त्यानंतर नऊ वर्षं, दर दुसऱ्या शुक्रवारी, चार-पाच तास, माझा नवरा मला 'अरे' होता. अरे गण्या, कुलूप नको उघडू. अरे, तुझ्याकडे तेल उरलंय का. रागावून, लाडाने, कधी नुसतं हाक मारायची म्हणून. घरी आल्यावर बूट काढता काढता पुन्हा "अहो, जेवणार आहात का थोडं?" दोन्हींच्या मधली ती वीस मिनिटांची बर्फातली वाट, तिथे मी काहीच संबोधन वापरत नसे.

घाव सोसायची जी शिल्लक, हिट पॉइंट, तिला आम्ही 'जीव' म्हणायचो. जीव किती? अकरा. सगळ्या पत्रिकेत सतत बदलणारा तेवढाच एक चौकोन. लागलं की खोडायचा, बरं वाटलं की खोडायचा, एका संध्याकाळी पंधरा-वीस वेळा. बाकीचे चौकोन वर्षानुवर्षं तसेच, आणि हा मात्र घासला जाऊन आधी पांढुरका होतो, मग लवदार, मग कांद्याच्या पापुद्र्यासारखा. पान नव्याने उतरवून काढायची पाळी यायची ती नेहमी याच चौकोनापायी. हे ते टाळायचे. म्हणायचे, भोक पडू दे, मग बघू. ऑफिसातून दमून आले की दारातच सांगायचे, "जीव तीन उरलाय, चहा टाक." मग चहानंतर, "आता सात."

गण्या एकदा मेलाही होता. १९९३ च्या हिवाळ्यात, एका पेटीच्या कुलपातली विषाची सुई बोटाला लागून. फासा पडला तो इतका वाईट, की कुणी पुन्हा टाक म्हणायलाही धजलं नाही. मास्तरांकडे एक काळी फाइल होती, मेलेल्यांची. तिच्यात पत्रिका जाताना काही खोडायचं नाही, काही लिहायचं नाही, जीव शून्य असेल तसं शून्यच ठेवून पान आत जायचं. मास्तरांनी हात पुढे केला. ह्यांनी कड्या उघडल्या, टक् असा त्यांचा आवाज झाला, आणि मी म्हटलं, थांबा. जनी नुकतीच नवव्या पायरीला पोहोचली होती. त्या पायरीच्या पुजारणीला मेलेल्याला उठवता यायचं, मात्र मरून नऊ दिवसांच्या आत. आणि पत्रिकेवर, तुम्हाला खोटं वाटेल, काटकपणाच्या शेजारी त्यासाठी सोय केलेली असायची: परत येण्याची शक्यता, टक्क्यांत. गण्याचा काटकपणा पंधरा, म्हणून तिथे त्याच्या जन्मापासून चौऱ्याण्णव लिहिलेलं होतं. हे आकडे ज्याने बसवले तो गायगॅक्स आधी शिकागोत विम्याच्या धंद्यात जोखमीचे अंदाज बांधायचा आणि ती नोकरी सुटल्यावर गावात जोडे दुरुस्त करायचा. मला त्या तक्त्यांत दोन्ही दिसतात, विमावाल्याची बारकाई आणि चांभाराचं ते, आणा, बघू काय करता येतंय.

फासे मी टाकले. अठ्ठ्याऐंशी. परत येणाऱ्याचा काटकपणा दर वेळी एकाने उतरायचा, म्हणून पंधराचे चौदा झाले आणि चौऱ्याण्णवचे ब्याण्णव. शिवाय जितके दिवस मेलेला तितके दिवस अंथरुणात विश्रांती, असा नियम. गण्या दोन दिवस मेला होता. शनिवार-रविवार हे शाल पांघरून सोफ्यावर पडून राहिले आणि मेतकूट-भात मागत राहिले, आणि मी, वेडी, देत राहिले.

बाकीचं भराभर सांगते. १९८८ च्या ऑगस्टमध्ये आम्ही जेन कॉनला गेलो. लेक जिनिव्हातल्या एका सभागृहात १९६८ साली सुरू झालेला तो खेळियांचा मेळा तेव्हा मिलवॉकीतच भरायचा. हजारो माणसं, आणि प्रत्येकाच्या काखेत काही ना काही. कुणाच्या पत्रिका प्लास्टिकच्या पाकिटांत, वरून मेणाच्या पेन्सिलीने लिहायचं आणि फडक्याने पुसायचं. कुणी रंगीत खुणा लावून शब्दकोशाएवढी फाइल केलेली. कुणी चार घड्या घालून खिशात, घामाने घड्यांवरची अक्षरं विरलेली. एका बाईने पाककृतींची लाकडी डबी आणली होती, प्रत्येक जादूच्या वस्तूला एक कार्ड. मीही दुसऱ्याच दिवशी तसली डबी घेतली, आणि मग तिच्यात खऱ्या पाककृतीही गेल्या. आजही अळूवड्यांच्या मागे 'न विझणारा कंदील' निघतो.

१९९६ साली आम्ही पुण्याला परतलो. शेवटच्या शुक्रवारी गोष्ट संपवू असं ठरलं होतं, पण रात्रीचा एक वाजला तरी आम्ही एका दरीच्या अर्ध्यातच होतो, आणि मास्तर म्हणाले, राहू दे, पुढे कधी. त्यांनी आमची पानं आमच्या फायलींत घालून दिली. बाकीच्यांनीही आपापल्या दिल्या. म्हणाले, वही जिच्याकडे, पत्रिकाही तिच्याकडे. पुण्यात दोघांनीच खेळून पाहिलं एकदा, जमलं नाही. मास्तरांवाचून दरीत कोण असणार? पण फायलींना दर वर्षी ऊन द्यायचा नेम ह्यांनी सुरू केला. २००८ च्या मार्चमध्ये गायगॅक्स गेल्याचं ह्यांनी वाचलं त्या दिवशी, उन्हाळा तोंडावर असताना, अवेळीच फाइल काढून हे जीवाच्या चौकोनावर बोट फिरवत बसले होते. मी चहा पुढे ठेवला. किती, असं विचारलं. म्हणाले, "एकवीस. पण आज चहा घेतला तरी बावीस होणार नाही."

मुलगी आता परदेशी हाच खेळ खेळते, पडद्यावर. तिची पत्रिका तिच्या टॅब्लेटमध्ये असते. घाव लागला की आकडा दाबायचा, वजाबाकी आपोआप. तिने दाखवलं तेव्हा मी कौतुक केलं, आणि ते खोटं नव्हतं. नकाशे हरवत नाहीत, ओझ्याची बेरीज चुकत नाही. माझ्यासारखीची नोकरीच गेली म्हणायची. फक्त काही पुसलं जाण्याचा आवाजच त्यात नाही. ह्यांच्या पश्चात तिने एकदा गण्याला त्या यंत्रात बसवायचा प्रयत्न केला, माझ्यासाठी. तो बसेना. पूर्वी चिलखताचा आकडा जितका कमी तितका बरा असायचा, २००० सालच्या नियमांपासून तो उलटा झाला. गुणांचे तक्ते बदलले. आणि परत येण्याच्या टक्क्यांना आता चौकोनच नाही. "आई, तिथे काय लिहू?" तिने विचारलं. मी म्हटलं, सोडून दे.

ह्यांना जाऊन पाच पावसाळे झाले. शेवटच्या आठवड्यात जीव किती ते मी विचारलं नाही, आणि ह्यांनी सांगितलं नाही. दहाव्याला ओंकारेश्वरावर मुलगी आणि पुतण्या गेले होते, मी घरी होते. कावळा बराच वेळ शिवेना, म्हणून लोक एकेक वचन देत होते, आईला सांभाळू, फ्लॅटचं बघू, अमुक लग्न वेळेवर करू. पुतण्याने नंतर सांगितलं, की सगळे बोलून बोलून थकले, कुणीतरी चप्पल शोधायला लागलं, आणि तेव्हा कुणी काहीच म्हणत नसताना कावळा येऊन शिवून गेला. मी ऐकत होते आणि मनात भलताच हिशोब चालला होता: नऊ काल झाले. हसू आलं मला. पुतण्याला वाटलं रडतेय, त्याने पाणी आणून दिलं.

भिंतीवरच्या फोटोशी मी बोलते ती अजूनही 'अहो'च. दिवा लावला हो. आज वीज नव्हती बघा. पण फायली उन्हात घातल्या, की गण्याच्या पानाशी वाकून, पाठीमागे वहिनी नाहीत ना बघून, 'अरे' म्हणते. पुढे काही सुचत नाही, नुसतंच. पान पूर्वी हळदी-पिवळं होतं ते आता केळीच्या वाळल्या सोपासारखं झालं आहे. वड्याच्या बोटाचा डाग कडेला आहे, त्यावर मी भोळेपणाने साबणाचं फडकं फिरवलं होतं तेव्हा हळद लाल झाली, ती कुंकवासारखी अजून तशीच. नाव निळ्या पेनने गिरवलेलं, खालची पेन्सिल जराशी बाहेर डोकावणारी. काटकपणा चौदा. टक्के ब्याण्णव. आणि जीवाचा चौकोन उन्हासमोर धरला की त्यातून माझं बोट दिसतं. एकवीस त्यावर लिहिलेला नसून अधांतरी धरलेला वाटतो.

यंदा जनीचं पान मी उलटून पाहिलं. मागच्या बाजूला सामानाची यादी असते, तिकडे कधी बघायचं कारण पडत नाही. अगदी खाली, घाईच्या अक्षरात, माझ्याच, लिहिलेलं सापडलं: 'गण्याकडून दोर ५० फूट, उसना.' शेवटच्या रात्रीचं असणार. दरीत आधी मला सोडलं होतं खाली, हो, आठवतंय, आणि एक वाजला होता, आणि सगळे उठले, आणि बूट घालायच्या गडबडीत ते वहीत चढवायचं राहूनच गेलं. वही काढून पाहिली. नऊ वर्षांतली प्रत्येक उसनी वस्तू तिथे आहे आणि प्रत्येकीपुढे कुणाच्या ना कुणाच्या हातचं 'पावले'. दोर नाही.

ऊन कठड्यावरून उतरायला लागलं होतं. मी नोंद वहीत चढवली, उजवीकडची जागा मोकळी सोडून. मग वरवंटा उचलला, पानं जुळवली, पेन्सिल फाइलच्या खिशात सरकवली आणि वर डांबराची एक नवी गोळी टाकली.